देखाव्यातले सर्व्हो: पीडब्ल्यूएम पायमधून घ्यावं की पीसीए ९६८५ मधून?

गणपतीच्या हलत्या देखाव्यासाठी रास्पबेरी पाय हा छोटा संगणक घेऊन बसणारे आता बरेच दिसतात. बहुतेकांचं घोडं एकाच ठिकाणी अडतं: सर्व्होचा (सांगितलेल्या कोनात वळणाऱ्या छोट्या मोटरचा) सिग्नल सॉफ्टवेअरमधून काढायचा, पायच्या हार्डवेअर पीडब्ल्यूएममधून, म्हणजे ठरावीक लांबीच्या पल्स काढणाऱ्या सर्किटमधून घ्यायचा, की पीसीए ९६८५ सारखी वेगळी चिप लावायची? तिन्ही मी वापरलं आहे.

सॉफ्टवेअरचं आधी उरकून टाकू. पायथनमधून पिन चालू-बंद करत एलईडीचा उजेड कमी-जास्त करायला काहीच हरकत नाही. सर्व्हो मात्र २० मिलिसेकंदांतून एकदा येणाऱ्या १ ते २ मिलिसेकंदांच्या पल्सवरून कोन ठरवतो. लिनक्सने मध्येच दुसऱ्या प्रोसेसकडे लक्ष दिलं की ती पल्स लांबते आणि शांत बसलेला मूषक उगाच मान झटकतो. पिगपायओ लायब्ररी हेच काम डीएमएच्या (प्रोसेसरला मध्ये न घेता डेटा हलवणाऱ्या यंत्रणेच्या) आधाराने, ५ मायक्रोसेकंदांच्या पायरीने फार नेटकं करते. मला ती आवडायची. पण पाय ५ च्या पिना आरपी१ या वेगळ्या चिपकडे गेल्या आणि तिथे पिगपायओ चालत नाही. म्हणून नवख्याला ती सुचवायला आता मन धजत नाही.

हार्डवेअर पीडब्ल्यूएमचा सिग्नल मात्र देखणा. कॉन्फिग फाइलमध्ये ओव्हरलेची (हार्डवेअरची सोय चालू करणारी) एक ओळ घालून रीबूट केलं की सिसएफएसमध्ये, म्हणजे हार्डवेअरची सेटिंग फाइलींसारखी दाखवणाऱ्या लिनक्सच्या फोल्डरमध्ये, पीडब्ल्यूएमचिप दिसते. चॅनल एक्सपोर्ट करायचा, पीरियडमध्ये २००००००० लिहायचे, ड्यूटी सायकलमध्ये १५०००००, मग एनेबलमध्ये १. आकडे नॅनोसेकंदांत. पीरियड शून्य असताना ड्यूटी सायकल लिहायला गेलात तर ‘इनव्हॅलिड आर्ग्युमेंट’ ऐकून घ्यावं लागतं. स्क्रिप्टमध्ये एक्सपोर्टनंतर लगेच लिहिलं तर कधीकधी ‘परमिशन डिनाइड’ येतं, कारण यूडेव्हला (लिनक्समधल्या डिव्हाइसची व्यवस्था पाहणाऱ्या सेवेला) परवानग्या बदलायला क्षणभर लागतो. तिथे छोटासा स्लीप घालावा. पाय ५ वर जीपीआयओ १८ (पायची १८ क्रमांकाची सिग्नल पिन) हा चॅनल ० नसून चॅनल २ असतो, हेही जुनी स्क्रिप्ट उचलताना लक्षात ठेवा. एवढं जमलं की सीपीयूवर कितीही ताण येवो, सर्व्हो हूं की चूं करत नाही.

माझा निकाल लागला तो आवाजापाशी. पाय ३ पर्यंतच्या बोर्डांवर पीडब्ल्यूएमचे चॅनल दोनच, आणि ३.५ मिलिमीटरच्या जॅकमधला डावा-उजवा आवाजही त्याच दोन चॅनलमधून तयार होतो. म्हणजे निवेदन सुरू ठेवायचं तर मान हलवता येत नाही, आणि मान हलवायची तर निवेदन बंद. देखाव्यात तर दोन्ही एकाच वेळी हवं! पाय ४ मध्ये ऑडिओला वेगळा ब्लॉक मिळाला, आणि पाय ५ वर जॅकच नसल्याने तंटाच मिटला. पण देखाव्याला नवा बोर्ड कोण घेतो? माळ्यावरचा जुनाच खाली येतो. यूएसबी साउंड कार्ड लावून वाट काढता येते, मीही काढली होती. तरी चॅनल दोनच राहतात. तिसऱ्या मूर्तीने हात वर करायचा ठरवला की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

पीसीए ९६८५ ला आयटूसीच्या (चिपांना आपसात बोलायच्या) दोन तारा, वीज आणि ग्राउंड दिलं की १६ चॅनल हातात येतात आणि जॅकला कुणी हात लावत नाही. कर्नलमध्ये तिचा ड्रायव्हर आहे, त्यामुळे हवं तर सिसएफएसची तीच पद्धत चालते. उणिवा आहेत. १२ बिटांमुळे, म्हणजे ४०९६ पायऱ्यांमुळे, ५० हर्ट्झवर एक पायरी साधारण ४.९ मायक्रोसेकंदांची पडते. मान-हात हलवायला मला ती पुरली, रोबोटच्या नाजूक सांध्याला कदाचित पुरणार नाही. आतला २५ मेगाहर्ट्झचा ऑसिलेटर तंतोतंत नसतो, म्हणून बोर्ड बदलला की मधली जागा पुन्हा जुळवावी लागते. शिवाय सोळाही चॅनलची फ्रीक्वेन्सी एकच. सर्व्होशेजारी त्याच चिपवर समईचा एलईडी लावलात तर तोही ५० हर्ट्झवर चालतो, आणि पाहुण्यांच्या मोबाइलमधल्या व्हिडिओत समई लुकलुकते.

चार पिनांचा पंखा चालवायचा असेल तर मात्र पीसीएचा विषयच सोडा. त्याला २५ किलोहर्ट्झ लागतात आणि ही चिप साधारण दीड किलोहर्ट्झला थांबते. तिथे पायचंच पीडब्ल्यूएम, पीरियड ४००००.

एखाद-दुसरा सर्व्हो असेल आणि आवाज नको असेल, तर जीपीआयओ १८ ला जोडून मोकळे व्हा, उगाच खर्च कशाला. बाकी ठिकाणी मी तरी पीसीएच घेईन. फक्त पाय अडकला तरी ही चिप शेवटचा सिग्नल पाठवतच राहते, तेव्हा बोर्डाची ओई (आउटपुट चालू-बंद करणारी) पिन एखाद्या जीपीआयओला जोडून ठेवा. ती हाय केली की सगळे सर्व्हो एकदम सैल पडतात.