130 मिमीच्या दुर्बिणीचे पैसे आणि 114 मिमीचा आरसा

पहिली दुर्बीण घेऊन आकाशाची छायाचित्रे काढू पाहणाऱ्या नवशिक्यांना फसवण्याची एक ठरावीक रीत सध्या रूढ झाली आहे. ती मला 34 हजार रुपये गमावल्यावर कळली. इतरांना ती पैसे देण्याआधी कळावी, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

विक्रेत्याचे दुकान नव्हते. समाजमाध्यमावरील जाहिरात, फोन आणि व्हॉट्सॲप एवढ्यावरच सारा व्यवहार होता. बोलणे मात्र माहितगाराचे होते. मी लेखी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला त्याने लेखी उत्तर दिले: आरशाचा व्यास 130 मिमी, आरसा पॅराबोलिक (सर्व किरण एका बिंदूत आणणाऱ्या आकाराचा), नाभीय अंतर (आरशापासून प्रतिमा जुळते तिथपर्यंतचे अंतर) 650 मिमी, मोटर लावलेला इक्वेटोरियल माउंट (ताऱ्यांच्या गतीबरोबर फिरणारा आधार) आणि डीएसएलआर थेट जोडण्याची सोय. सोबत, याच मॉडेलवर ग्राहकांनी काढलेली म्हणून शनीची, मृगातल्या तेजोमेघाची आणि कृत्तिकांची छायाचित्रे पाठवली. त्यानंतर मी यूपीआयने पूर्ण रक्कम आगाऊ भरली.

आलेल्या खोक्यावर मूळ मॉडेलच्या नावावर पांढरे स्टिकर चिकटवलेले होते आणि पावतीवर ‘टेलिस्कोप सेट, 1 नग’ एवढाच उल्लेख होता. नळी जेमतेम अर्धा मीटर लांब, पण तिच्यावरच्या पट्टीत नाभीय अंतर 1000 मिमी छापलेले. साध्या न्यूटोनियन, म्हणजे आरशाच्या, दुर्बिणीची नळी साधारणपणे नाभीय अंतराएवढी लांब असते. 1000 मिमीचे नाभीय अंतर अर्ध्या मीटरच्या नळीतून मिळवायचे, तर फोकसरच्या (आयपीस, म्हणजे डोळा लावायचे भिंग, बसवून पुढेमागे करायच्या) नळीत कायमचे एक भिंग बसवावे लागते. आयपीस काढून मी फोकसरमध्ये विजेरीचा झोत टाकला, तेव्हा आतल्या टोकाला ते भिंग दिसले; त्याच्या कडेने वाळलेल्या गोंदाचा पिवळट ओघळ आला होता. मागची तबकडी उघडून आरसा मोजपट्टीने मोजला, तो 114 मिमी भरला. व्यासातला हा फरक कागदावर किरकोळ वाटतो, पण क्षेत्रफळाच्या हिशेबाने जवळपास चतुर्थांश प्रकाश तिथेच गेला.

त्या भिंगाचे कारण समजून घेणे गरजेचे आहे, कारण फसवणुकीचे मूळ त्यातच आहे. गोलीय आरसा पॅराबोलिकपेक्षा घडवायला सोपा आणि स्वस्त असतो, पण आखूड नळीतल्या, स्वतःचे नाभीय अंतर इतके कमी असलेल्या गोलीय आरशात कडेचे आणि मधले किरण एका बिंदूत येत नाहीत. फोकसरमधले भिंग हा दोष सुधारण्यासाठी असते. ते स्वस्तातले असले की दोष अर्धवट तसाच राहतो. व्याधासारखा तेजस्वी तारा या दुर्बिणीतून कधीच बिंदुरूप दिसला नाही. कितीही फोकस केला तरी पिसारलेला डाग दिसे. त्यातच मधल्या भिंगामुळे लेझरने कोलिमेशन (आरसे एका रेषेत जुळवणे) करणेही नवशिक्याच्या आवाक्याबाहेर जाते. खोक्यावर ‘750 पट’ असे मोठ्या अक्षरांत होते. 1000 ला 4 मिमीच्या आयपीसने भागून 3 पटीच्या बार्लो भिंगाने (विशालन वाढवणाऱ्या जोडभिंगाने) गुणले की हा आकडा मिळतो, पण आरशाच्या मिलिमीटरमधल्या व्यासाच्या दुपटीपलीकडचे विशालन सहसा निरुपयोगी असते. म्हणजे इथली मर्यादा 228 पटींच्या आसपास, आणि तीही आरसा निर्दोष असेल तर.

छायाचित्रांची लबाडी मला एका जाणत्या आकाशनिरीक्षकांनी दाखवून दिली. न्यूटोनियन दुर्बिणीत दुय्यम आरसा पातळ पात्यांवर तोललेला असतो आणि त्या पात्यांमुळे तेजस्वी ताऱ्यांभोवती प्रकाशाचे किरण उमटतात: चार पाती असतील तर चार, तीन असतील तर सहा. माझ्या दुर्बिणीत तीन पाती होती. विक्रेत्याने पाठवलेल्या कृत्तिकांच्या छायाचित्रात एकाही ताऱ्याला असा किरण नव्हता, म्हणजे ते या मॉडेलमधून घेतलेले नव्हते. ही पारख कोणालाही घरबसल्या करता येते.

मोटरही अशीच नावापुरती होती. आकाशाच्या दैनिक गतीमुळे तारा एका सेकंदात 15 विकलांपर्यंत (विकला म्हणजे अंशाचा 3600 वा भाग) सरकतो. 1000 मिमी नाभीय अंतरावर हे सरकणे डीएसएलआरच्या पंधरा-वीस पिक्सेलएवढे भरते. त्या गतीचा अचूक पाठलाग करायला माउंट भक्कम लागतो. इथे 9 व्होल्टच्या बॅटरीवरची मोटर होती, तिची गती बटण फिरवून अंदाजाने लावायची होती, आणि कॅमेरा चढवताच माउंटची मान झुकत असे.

तक्रार केल्यावर विक्रेत्याने आधी हवा स्वच्छ नसल्याचे सांगितले, मग कोलिमेशन करायला लावले, मग 6 हजारांचा ‘चांगला’ आयपीस सुचवला. माल परत करण्याची सात दिवसांची मुदत या बोलण्यात संपली आणि त्याने माझा क्रमांक ब्लॉक केला. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवल्यानंतर काही रक्कम परत आली. उरलेल्या रकमेसाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जात आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यात, दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. माझ्या बाजूने सर्वांत बळकट पुरावा म्हणजे त्याची लेखी उत्तरे आणि मोजपट्टी लावून केलेले आरशाचे चित्रीकरण.

खरेदीपूर्वी नळीवरच्या छापील पट्टीचे आणि मोजपट्टी लावलेल्या आरशाचे छायाचित्र मागावे. टाळाटाळ झाली तर व्यवहार तिथेच थांबवावा. त्याहून उत्तम म्हणजे दुसऱ्यांच्या दुर्बिणींतून आधी पाहून घ्यावे. पुण्यात 1944 पासून ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, मुंबईकरांसाठी खगोल मंडळाचे वांगणीचे आकाशदर्शन आहे. तिथली मंडळी मनापासून मार्गदर्शन करतात. कॅमेरा घरी असेल, तर साध्या ट्रायपॉडवर 18 मिमीच्या लेन्सने पंधरा सेकंदांचे एक्स्पोजर देऊन अंधाऱ्या गावातून आकाशगंगा टिपता येते, आणि ही सुरुवात दुर्बिणीविना होते.

पैशांहून गंभीर गोष्ट या संचातल्या एका लहानशा डबीत होती: आयपीसला आटे देऊन बसवायचा ‘सन’ लिहिलेला काळा फिल्टर. दुर्बिणीने एकवटलेले सूर्याचे ऊन थेट त्या काचेवर पडते, काच तापून अचानक तडकू शकते आणि डोळा कायमचा जाऊ शकतो. सूर्यासाठीचा फिल्टर नेहमी नळीच्या तोंडावर, आरशाच्या आधी, घट्ट बसणारा असावा लागतो. 2 ऑगस्ट 2027 रोजी सूर्यग्रहण आहे; पावसाळी ढगांनी वाट दिली तर ते महाराष्ट्रातूनही खंडग्रास दिसेल, आणि त्या सुमारास असे संच पुन्हा खपवले जातील. ज्यांच्या घरी हा फिल्टर असेल त्यांनी तो मुलांच्या हाती लागण्याआधी फोडून टाकावा. दुर्बीण विकली किंवा कोणाला दिली तरी सोबत देऊ नये.