भिंतीवरची कार्डे की पडद्यावरचा डॅशबोर्ड?

मागे पडणारा किंवा शाळा सोडण्याच्या बेतात असलेला विद्यार्थी वेळीच नजरेस यावा म्हणून माहिती दृश्य स्वरूपात मांडायचे ठरले, की मुख्याध्यापकांपुढे सहसा दोन पर्याय येतात: शिक्षक-कक्षाच्या भिंतीवर प्रत्येक विद्यार्थ्याचे कार्ड लावणे, किंवा हजेरी व गुण आपोआप एकत्र करणारा डॅशबोर्ड घेणे. दोन्हींत पाहायचे तेच असते: हजेरी, वर्तन आणि विषयांतील प्रगती. (विद्यार्थ्यांची नावे व गुण वर्गातच झळकवण्याचा तिसरा प्रकार मी विचारातच घेत नाही, त्याने मदत होत नाही, चारचौघांत मान खाली जाते.)

हजेरीच्या बाबतीत डॅशबोर्ड निर्विवाद सरस आहे. एकूण दिवसांपैकी १० टक्के किंवा त्याहून अधिक दिवसांची गैरहजेरी ही धोक्याची खूण मानली जाते. २०० दिवसांच्या वर्षात हे २० दिवस होतात, म्हणजे महिन्याला जेमतेम दोन. इतकी विखुरलेली गैरहजेरी वर्गशिक्षकांना खटकतही नाही. संगणक मात्र रोज बेरीज करतो, तर भिंतीवरचे कार्ड पुढच्या बैठकीपर्यंत जुनेच राहते.

कार्डांचे बळ वेगळ्या ठिकाणी आहे. समजा, कार्डावर समोर सांकेतिक क्रमांक, वाचनाचा स्तर, हजेरीची रंगीत पट्टी आणि कोणती मदत कधी सुरू झाली याची नोंद आहे. ते भिंतीवरच्या पिवळ्या (लक्ष ठेवण्याच्या) रकान्यातून लाल (धोक्याच्या) रकान्यात हलवायला कोणी हात पुढे केला, की भाषेच्या बाई म्हणतात, "माझ्या तासाला तो बरा असतो, दुपारनंतरच दिसत नाही." ही माहिती कोणत्याही तक्त्यात नसते, ती चारजण एकाच कार्डासमोर उभे राहिल्यावरच बाहेर येते. डॅशबोर्ड ज्याचा तो एकटाच उघडतो आणि नव्याची नवलाई ओसरली की तेवढेही होत नाही.

डॅशबोर्ड घ्यायचाच असेल, तर ठरावीक नियमांवर इशारा देणारा घ्यावा. कोणता विद्यार्थी मागे पडेल याचे भाकीत करणाऱ्या संगणकीय गुणांकावर विसंबणे मला धोक्याचे वाटते. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याच्या अशा प्रणालीबद्दल २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पत्रकारितेतील तपासात आढळले, की ‘हा विद्यार्थी वेळेत शिक्षण पूर्ण करणार नाही’ हे तिचे भाकीत जवळपास तीन-चतुर्थांश वेळा चुकत होते आणि खोट्या इशाऱ्यांचे प्रमाण कृष्णवर्णीय व हिस्पॅनिक मुलांच्या बाबतीत गोऱ्या मुलांपेक्षा अधिक होते. इशारा कशामुळे आला हे शिक्षकाला एका वाक्यात सांगता येत नसेल, तर पुढे काय करायचे हेही त्याला कळत नाही.

गोपनीयतेत भिंत कच्ची आहे. पालक किंवा विद्यार्थी ज्या खोलीत येतात तिथे ती नकोच. नाव कार्डाच्या मागे असावे आणि वर पडदा असावा. डॅशबोर्डमध्ये कोणी काय पाहावे याची मर्यादा घालता येते, अर्थात सर्वांनी एकच पासवर्ड वापरला नाही तर. लाल-हिरव्यातील फरक अनेक पुरुषांना नीट कळत नाही, म्हणून दोन्हीकडे रंगासोबत अक्षर किंवा चिन्हही हवे.

शाळा लहान असेल, तर मी भिंतच निवडेन. अनेक तुकड्यांच्या शाळेत सर्वांची कार्डे सांभाळणे अशक्य असल्याने हजेरीसाठी डॅशबोर्ड ठेवावा आणि त्याने दाखवलेल्या मुलांचीच कार्डे भिंतीवर लावावीत. मात्र खर्चाला मंजुरी देण्यापूर्वी वेळापत्रकात दर पंधरवड्याला शिक्षकांच्या बैठकीचा एक तास राखून ठेवावा आणि लाल रकान्यातील प्रत्येक कार्डावर त्याची जबाबदारी घेणाऱ्या एका शिक्षकाचे नाव लिहिलेले असावे.