मनोरीला तंबू ठोकायचा तर: मार्वेची फेरीबोट की उत्तनचा रस्ता?

परतीच्या पावसाच्या दिवसांत ठाण्याहून मोटारसायकलने मुंबईच्या उत्तर भागातील किनाऱ्यावरच्या मनोरी गावी मुक्कामी जायचे, तर घोडबंदर रस्ता दोन्ही पर्यायांत आहेच. खरा प्रश्न काशिमीऱ्यानंतर सुरू होतो. मालाडमार्गे मार्वेला गेल्यास दुचाकी फेरीबोटीत चढवता येते आणि खाडी काही मिनिटांत पार होते. भाईंदर, उत्तन, गोराई असा वळसा घेतल्यास मात्र पाण्याशी संबंधच येत नाही.

निरभ्र दिवशी मी बोटच निवडेन. परंतु या दिवसांत सकाळी कडक ऊन असते आणि दुपारनंतर ढग भरून येऊन विजांसह वादळी वारा सुटतो, तेव्हा फेरी केव्हाही थांबू शकते. त्यातच अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची भरती-ओहोटी असते; ओहोटीला पाणी बरेच खाली जाते आणि धक्क्याच्या शेवाळलेल्या उतारावरून तंबू, पथारी, स्टोव्ह लादलेली जड गाडी उतरवताना मागचे चाक सरकते. अशा वेळी सामान आधी गाडीवरून उतरवून गाडी रिकामी चढवावी.

रस्ता लांबचा आणि भाईंदरची गर्दी वैतागवाणी, हे मान्य. तरीही रात्री हवामान बिघडल्यास तंबू गुंडाळून केव्हाही परत निघता येते, म्हणून अनिश्चित हवेत माझे मत उत्तनलाच.

मुक्कामासाठी किनाऱ्यावरील वाळूपेक्षा एखाद्या निवासाचे आवार परवानगीने वापरावे. तंबू माडाखाली लावू नये (नारळ वेळ सांगून पडत नाही), आणि गाडीचा साइड स्टँड मऊ जमिनीत रुतू नये म्हणून त्याखाली फळीचा तुकडा ठेवावा.