लहान व्हिंटेज मोटारीसाठी ट्रेलर: नागपुरात पाहिलेले तीन, घेतलेला एक

आमची ऑस्टिन सेव्हन ही जुनी, छोटी ब्रिटिश मोटार स्वतःच्या चाकांवर धावते हे खरे असले, तरी ७४७ सीसीच्या इंजिनाची आणि केबलने ओढल्या जाणाऱ्या ब्रेकची ही मोटार वर्धा रोडवर बुटीबोरीकडे जाणाऱ्या ट्रकच्या रांगेत घालणे शहाणपणाचे नाही. शिवाय २०२१ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार ५० वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपातील गाड्यांना ‘व्हीए’ मालिकेचा क्रमांक मिळत असला, तरी तशी नोंद झालेली गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्यापुरतीच मुभा आहे. त्यामुळे शहराबाहेरच्या प्रदर्शनाला न्यायची तर ती ओढून नेणे हाच सोयीचा मार्ग उरतो. वर्षातून एकदाच न्यायची असेल, तर सपाट तळाचा टोइंग ट्रक भाड्याने घ्यावा आणि हा लेख येथेच सोडावा. ज्यांचे जाणे-येणे त्याहून अधिक आहे, त्यांच्यासाठी पुढचे.

मी वाडीच्या एका यार्डातील जुना ट्रेलर, कामठी रोडवर विक्रीस असलेला चार चाकांचा तयार ट्रेलर आणि हिंगणा एमआयडीसीतील एका फॅब्रिकेटरकडे, म्हणजे लोखंडी सांगाडे बनवणाऱ्याकडे, मापाप्रमाणे बनत असलेला दोन चाकांचा ट्रेलर असे तीन पर्याय नीट तपासले. पुढची दोन चाके उचलून मागची रस्त्यावर चालू देणारी डॉली मी आधीच बाद केली होती. इतक्या जुन्या बेअरिंगवर आणि डिफरन्शियलवर महामार्गाचे मैल चढवण्यात अर्थ नाही. शेतीची ट्रॉली वापरावी, असेही काहींनी सुचवले. तिचा तळ कमरेइतका उंच असतो आणि तेवढ्या उंचीवर मोटार चढवताना माणसे जायबंदी होतात, एवढेच त्यावर म्हणता येईल.

वाडीचा ट्रेलर स्वस्त होता आणि त्याचा सांगाडाही दणकट होता, पण तो नाकारण्याचे कारण त्याच्या रुंदीत होते. त्यावर सलग तळ नव्हता. चाकांसाठी चेकर्ड पत्र्याचे दोन पन्हाळ होते आणि मधली जागा मोकळी होती. हे अंतर आजच्या मोटारींना धरून ठेवलेले असते. ऑस्टिन सेव्हनच्या डाव्या-उजव्या चाकांमधील अंतर मात्र ४० इंच, म्हणजे जेमतेम एक मीटर आहे. टेप लावून पाहिले, तेव्हा आमच्या गाडीची दोन्ही चाके पन्हाळांच्या आतल्या काठांवरच येत होती आणि त्या काठांना अडसर म्हणून काहीही नव्हते. सुरुवातीच्या सेव्हनचे टायर फार अरुंद असतात. असे सायकलसारखे बारीक चाक काठावरून घसरले, तर गाडी थेट तळावर बसते. ‘आतून एक पट्टी वेल्ड करून देऊ’, असे यार्डवाले म्हणाले खरे, परंतु ज्या जोडावर सगळा भार येणार, तो गंजलेल्या लोखंडी चॅनलवर नव्याने मारलेला असावा हे मला पटले नाही. लहान व्हिंटेज गाडीसाठी पूर्ण तळाचा किंवा पन्हाळ सरकवता येणारा ट्रेलरच पाहावा.

कामठी रोडवरचा ट्रेलर दिसायला सर्वांत देखणा होता. चार चाके, जस्त चढवलेला सांगाडा, दोन्ही बाजूंना दिवे आणि सलग तळ. एखादा टायर फुटला तरी बाजूचे चाक भार पेलते आणि वेगात हा ट्रेलर स्थिर राहतो, हे त्याचे खरे गुण आहेत. फियाट ११०० सारखी नऊशे किलोंच्या घरातील गाडी असती, तर मी तोच घेतला असता. पण आमची उघड्या बॉडीची सेव्हन वजनकाट्यावर ५०० किलोंच्या आतच भरते आणि एवढ्याशा ओझ्यासाठी रिकामाच जड असलेला ट्रेलर ओढणे म्हणजे इंधन जाळणे. दुसरी अडचण घराजवळची आहे. चार चाकांचा ट्रेलर हूकवरून सोडवल्यावर हाताने वळवता येत नाही. दोन्ही धुऱ्यांची चाके जमिनीवर खरडत राहतात. धरमपेठेतल्या किंवा महालातल्या अरुंद गल्लीत फाटकातून ट्रेलर आत घ्यायचा असतो, तेव्हा दोन माणसांनी ढकलून वळेल असा दोन चाकांचा ट्रेलरच कामाला येतो.

शेवटी हिंगण्याचा ट्रेलर घेतला. त्याचा तळ जमिनीपासून ५५ सेंटीमीटर उंच आहे आणि मागे झुकणारा नाही. गाडी रॅम्पवरून चढवावी लागते. फॅब्रिकेटरने सुरुवातीला दीड मीटरचे रॅम्प धरले होते. त्यांचा चढ सुमारे २१ अंशांचा होतो, रॅम्प २.४ मीटरचे केले की तो १३ अंशांवर येतो आणि गाडी ओढायला लागणारा जोर जवळजवळ दोन-पंचमांशाने घटतो. लांब रॅम्प घ्यावेत, असा आग्रह मी धरला, कारण सेव्हनचा क्लच फार चटकन पकडतो. त्याच्या पेडलचा प्रवास इतका थोडा आहे की रॅम्पवर इंजिनाच्या जोरावर गाडी चढवताना ती एकदम झेप घेण्याची भीती असते. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून हाताच्या विंचने (दोर गुंडाळत ओझे ओढणाऱ्या यंत्राने) ओढून घेणे हीच योग्य पद्धत आहे आणि विंचचा खांब तळाच्या पुढच्या चॅनलवर बोल्टने बसवून घेणे मूळ दरात धरलेले असावे. माझ्या बाबतीत ते धरलेले नव्हते आणि त्यावरून बरीच घासाघीस झाली.

ट्रेलर घेताना लोक लांबी-रुंदी विचारतात, क्वचित टायर पाहतात. हूकवर किती भार येतो हे मात्र कोणी विचारत नाही. वास्तविक ट्रेलर सरळ चालणार की शेपटी हलवत चालणार, हे त्यावरच ठरते. भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनाच्या साधारण ७ टक्के भार हूकवर असावा. ट्रेलर आणि सेव्हन या आमच्या जोडीचे एकूण वजन ८०० किलो धरले, तर तो ५६ किलो येतो. हा भार कमी पडला, म्हणजे गाडी फार मागे बसली, की ताशी साठ-सत्तरच्या वेगात ट्रेलर डोलू लागतो आणि चालकाने घाबरून अचानक ब्रेक दाबला की डोलणे आणखी वाढते. मोजण्याची रीत सोपी आहे: ट्रेलर सपाट जागी ठेवावा, कपलरखाली, म्हणजे हूकला अडकणाऱ्या ट्रेलरच्या टोकाखाली, घरचा वजनकाटा आणि त्यावर योग्य उंचीचा लाकडी ठोकळा ठेवावा आणि आकडा वाचावा. आमच्या ट्रेलरचा धुरा हूकपासून तीन मीटरवर आहे, त्यामुळे ४८० किलोंची गाडी १० सेंटीमीटर पुढे सरकवली की हूकवरचा भार १६ किलोंनी वाढतो. योग्य जागा सापडल्यावर तळावर चाकअडणी बोल्टने पक्की करून घेतली. हा सर्व खटाटोप फॅब्रिकेटरच्या अंगणातच करून घ्यावा. ट्रेलर घरी आल्यावर कोणी येत नाही.

ब्रेकच्या बाबतीत हा ट्रेलर निम्मा उत्तीर्ण आहे. स्थानिक कारखान्यांत हलके ट्रेलर बिनब्रेकचेच बनतात. ब्रिटन आणि युरोपात एकूण ७५० किलोंच्या पुढच्या ट्रेलरला स्वतःचा ब्रेक सक्तीचा आहे. आमची जोडी त्या मर्यादेपलीकडची असल्याने मी ओव्हररन ब्रेकचा कपलर बसवून घेतला. ओढणारी गाडी थांबू लागली की मागून येणारा ट्रेलर कपलरचा दांडा आत ढकलतो आणि त्याच हालचालीने ट्रेलरचे ब्रेक ओढले जातात. व्यवस्था चांगली चालते, परंतु रिव्हर्स घेतानाही दांडा आत जातो आणि ब्रेक लागतात. त्यासाठी हाताने लावायची खीळ आहे, आणि ती लावायला प्रत्येक वेळी खाली उतरावे लागते. हा कंटाळा आहेच, तरी बिनब्रेकच्या ट्रेलरपेक्षा तो परवडला.

मोटार बांधताना पट्टे बॉडीला किंवा चासीला लावू नयेत. गाडी तिच्या पाट्यांच्या स्प्रिंगांवर खाली-वर होते, पट्टा ढिला पडतो आणि पुढच्या खड्ड्यात सुटतो. पुढे ॲक्सल बीमला आणि मागे ब्रेकची केबल टाळून धुऱ्याच्या नळीला रॅचेट पट्टे लावणे उत्तम. त्यासाठी तळाच्या चारही कोपऱ्यांना वेल्ड केलेल्या कड्या असाव्यात. फॅब्रिकेटरने दिलेल्या कड्या फक्त पत्र्यावर होत्या, त्या खालच्या लोखंडी ॲंगलवर घ्यायला लावल्या.

नागपूरच्या हवेचाही विचार करावा लागतो. ट्रेलरचे टायर झिजून संपत नाहीत, ते वैशाखाच्या उन्हात उभ्या-उभ्या चिरतात. बाजूच्या कडेवरील चार आकडी तारीख वाचूनच टायर घ्यावेत. पहिले दोन आकडे आठवड्याचे आणि नंतरचे दोन वर्षाचे असतात. पावसाळ्यात काळ्या मातीच्या अंगणात ट्रेलर उभा केला, तर पुढचे टेकूचे छोटे चाक रुतून बसते, म्हणून त्याखाली फरशी हवी.

कागदपत्रे मात्र सर्वांत आधी पाहावीत. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या व्याख्येनुसार ट्रेलर हेदेखील मोटार वाहनच आहे. त्याला स्वतःची नोंदणी लागते, विमाही लागतो. ‘अशांना कोणी विचारत नाही’ हे वाक्य मला एकाहून अधिक ठिकाणी ऐकवण्यात आले. फॅब्रिकेटर नोंदणीला लागणारी कागदपत्रे देणार की नाही, हे लेखी घेऊन आणि आरटीओत विचारूनच आगाऊ रक्कम द्यावी. ६०० किलोंपर्यंतच्या गाडीला पूर्ण तळाचा, दोन चाकांचा, ब्रेक असलेला ट्रेलर पुरेसा आहे, असे माझे मत आहे. हिंगण्याच्या ट्रेलरबद्दल उरलेली तक्रार एवढीच की त्यासोबत स्टेपनी मिळत नाही आणि ती वेगळी घ्यावी लागते.