आखाड्यावरचा लॅपटॉप आणि घडीची सोलर प्लेट: दहा महिन्यांचा अनुभव

अंबाजोगाई तालुक्यातील आमच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर बसून मी गावच्या शेतकरी उत्पादक कंपनीचे हिशोब आणि माल खरेदीच्या नोंदी लिहितो. शेतीची वीज पाळीने येते, कधी दिवसा तर कधी रात्री, आणि डीपी (ट्रान्सफॉर्मर) जळाला की तीही काही दिवस बंद असते. माझ्या लॅपटॉपची बॅटरी 50 वॅट-तासांची आहे; एक वॅटचे उपकरण तासभर चालले की एक वॅट-तास वीज खर्च होते. नोंदी आणि टायपिंग चालू असताना लॅपटॉप सुमारे 14 वॅट ओढतो, म्हणजे साडेतीन तासांत काम थांबते. या अडचणीतून गेल्या ऑक्टोबरमध्ये मी 100 वॅटची घडीची सोलर प्लेट आणि 256 वॅट-तासांचा बॅटरी बॉक्स घेतला. त्यानंतरच्या दहा महिन्यांत मीटर लावून ठेवलेल्या नोंदींच्या आधारे हे लिहीत आहे.

त्याआधी झालेली एक चूक सांगणे आवश्यक आहे, कारण ती अनेकांकडून होते. पाठीवर तळहाताएवढी सोलर प्लेट असलेली पॉवरबँक मी प्रथम मागवली होती. तिची क्षमता 20,000 एमएएच, म्हणजे 74 वॅट-तास. आणि त्या छोट्या प्लेटची शक्ती दीड वॅट. दिवसभर लख्ख ऊन मिळाले तरी ती पूर्ण भरायला पन्नास तास, म्हणजे आठ-दहा दिवस लागतात. शिवाय तिच्यातून फक्त 5 व्होल्ट बाहेर येत असल्याने लॅपटॉपने ती ओळखलीही नाही. टाइप-सी पोर्टवर चार्ज होणाऱ्या बहुतेक लॅपटॉपना 20 व्होल्ट आणि किमान 45 वॅट लागतात. खरेदी करताना एमएएचच्या मोठ्या आकड्याकडे न पाहता व्होल्ट आणि वॅट वाचावेत, असे मी आता प्रत्येकाला सांगतो.

घडीच्या प्लेटलाही टाइप-सी पोर्ट आहे, म्हणून नोव्हेंबरमध्ये मी लॅपटॉप थेट प्लेटला जोडून पाहिला. निरभ्र दुपारी तो व्यवस्थित चार्ज झाला. परंतु एखादा ढग सरकला किंवा प्लेटसमोरून कोणी चालत गेले की चार्जिंग तुटत असे आणि पुन्हा जुळायला वेळ लागत असे. दिवसातून वीस-पंचवीस वेळा असे होऊ लागल्यावर मी तो प्रयोग थांबवला. प्लेटचे ऊन आधी बॅटरीत साठवावे आणि लॅपटॉप बॅटरीवर चालवावा, हीच पद्धत टिकली.

प्लेटवर छापलेले 100 वॅट मला एकदाही मिळाले नाहीत, आणि यात विक्रेत्याने फसवले असे मी म्हणणार नाही. तो आकडा प्रयोगशाळेतील असतो: एका चौरस मीटरवर 1000 वॅटचा प्रकाश आणि सोलर सेलचे तापमान 25 अंश. जानेवारी-फेब्रुवारीत सकाळी अकरा ते दुपारी दोन या वेळेत मला 70 ते 74 वॅट मिळत. त्या दिवसांत सूर्य दक्षिणेकडे कलून चालतो, म्हणून प्लेट दक्षिणेला तोंड करून चाळीसेक अंशांत उभी ठेवावी लागते. सकाळी पूर्वेकडे आणि दुपारनंतर पश्चिमेकडे वळवली तर दिवसाला 370 ते 380 वॅट-तास जमत, आणि एकदा मांडून विसरलो तर तीनशेच्या आसपास. माझी दिवसाची गरज आठ तासांचे काम, मोबाइल आणि इंटरनेटचा हॉटस्पॉट धरून सुमारे 150 वॅट-तास आहे. त्यामुळे हिवाळ्यात दुपारी अडीचलाच बॉक्स भरत असे आणि उरलेले ऊन वाया जात असे.

सावलीबद्दल मात्र मी बेफिकीर होतो. बांधावरच्या लिंबाची एकच फांदी प्लेटच्या एका कोपऱ्यावर पडत होती आणि मीटर 70 वरून 25 वर आले होते. सेल एकामागे एक जोडलेले असतात, त्यामुळे एका सेलवरची सावली त्याच्या साखळीतील सर्वांचा प्रवाह अडवते. तुरीच्या राशी चालू असताना मळणी यंत्राचा भुसा प्लेटवर बसतो; तो ओल्या फडक्याने पुसला की सात-आठ वॅट परत येत.

मे महिन्याने सर्वांत जास्त शिकवले. महिन्याच्या मध्यास आमच्याकडे दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो, तेव्हा प्लेट आडवी ठेवली तरी चालते. असे असूनही त्या दिवसांत 65 वॅटच्या वर आकडा जात नसे. हवा 42 अंशांवर असताना काळी प्लेट 65 ते 70 अंशांपर्यंत तापते, आणि 25 च्या वरच्या प्रत्येक अंशाला साधारण 0.35 ते 0.4 टक्के उत्पादन घटते. ऊन वाढले की वीजही त्याच प्रमाणात वाढेल, हा माझा समज तेव्हा गेला. त्याहून त्रासाची गोष्ट बॉक्सची होती. लिथियम बॅटरी 45 अंशांच्या वर चार्ज करणे योग्य नसते, म्हणून पत्र्याच्या खोलीत ठेवलेला बॉक्स भर दुपारी आपोआप चार्जिंग बंद करी. अखेर तो लिंबाखाली बाजेच्या सावलीत ठेवला आणि प्लेटपासून तिथपर्यंत जाड तांब्याची दहा मीटर तार ओढली. बारीक तारेत व्होल्ट गळतात, त्यामुळे येथे काटकसर करू नये.

जूनपासून आकडे पडले. आभाळ भरून आलेल्या दिवशी दिवसभरात 60 ते 100 वॅट-तास मिळतात, म्हणजे जेमतेम अर्धा दिवस काम होते. सलग चार दिवस झड लागली तेव्हा मी लॅपटॉप घेऊन गावातल्या घरी गेलो. जुलैच्या शेवटी पावसाचा खंड पडला, सोयाबीन माना टाकू लागले आणि त्याच आठवड्यात बॉक्स रोज काठोकाठ भरत होता. तो आकडा नोंदवताना मला आनंद झाला नाही.

विजेची बचत कशी करावी, याबद्दल एक उपयोगी निरीक्षण आहे. लॅपटॉप त्याच्या नेहमीच्या चार्जरने बॉक्सच्या पिन-सॉकेटवर लावला तर आतला इन्व्हर्टर (बॅटरीच्या विजेची घरगुती 230 व्होल्टची वीज करणारा भाग) स्वतःसाठीच आठ-दहा वॅट खातो; आठ तासांत तो सत्तर वॅट-तास घालवतो, म्हणजे माझ्या अर्ध्या दिवसाच्या कामाएवढी वीज. म्हणून लॅपटॉप टाइप-सी तारेनेच जोडावा. ज्यांच्या लॅपटॉपचा चार्जर दीडशे-दोनशे वॅटचा आहे, म्हणजे गेमिंगचे किंवा व्हिडिओ संपादनाचे लॅपटॉप, त्यांनी 100 वॅटच्या प्लेटवर विसंबू नये. आमच्याकडे अनेकजण विचारतात की सोलरवर विहिरीचा पंप चालतो, मग लॅपटॉपला इतका विचार कशाला? पण तीन अश्वशक्तीच्या पंपामागे सुमारे 3000 वॅटच्या प्लेटा असतात आणि पंप फक्त उन्हातच चालवायचा असतो.

दोन्ही वस्तूंना मिळून मला 33 हजार रुपये पडले. घडीच्या कापडाचे शिवण एका बाजूने उसवले आहे आणि मागच्या आधाराचे एक बटण तुटले आहे. वारा सुटला की प्लेट उलटते, म्हणून तिच्या पायांवर दगड ठेवतो. एकाच जागी बसून काम करणाऱ्याने काचेची साधी पक्की प्लेट घ्यावी, असे माझे मत झाले आहे, कारण तेवढ्याच वॅटला ती कितीतरी स्वस्त पडते आणि ऊन-पावसात वर्षानुवर्षे टिकते. मीसुद्धा तुरीच्या राशींच्या आधी आखाड्याच्या पत्र्यावर 200 वॅटची पक्की प्लेट बसवणार आहे, म्हणजे ढगाळ दिवशीही दीडशे वॅट-तासांच्या जवळपास जाता येईल. घडीची प्लेट उसवलेले शिवण शिवून माल खरेदीच्या फेऱ्यांसाठी मोटारसायकलच्या मागे बांधून नेईन.