ट्रॅक्टरला जोडायचा बॅकहो: ३०० तासांच्या खोदकामानंतरचा अभिप्राय

४५ अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरला मागून जोडायचा हा बॅकहो (लांब हाताच्या टोकाला बकेट असलेले खोदयंत्र) माझ्याकडे येऊन दोन वर्षे होत आली असून मीटरवर त्याचे ३०० तास भरले आहेत. या काळात त्याने पाइपलाइनचे चर खणले, निचऱ्याच्या चाऱ्या काढल्या, जुने बुंधे मुळासकट उपटले आणि एका लहान बांधकामाचा पायाही खोदला. यंत्राचे वजन सुमारे ६५० किलो आहे, खोदण्याची कमाल खोली २.४ मीटर आहे आणि सोबत ३० व ६० सेंटीमीटर रुंदीच्या दोन बकेट मिळतात. खोदकामासाठीच बनवलेल्या स्वतंत्र यंत्राचा जोर यातून मिळत नाही; ती अपेक्षा ठेवूनच कोणी घेत असेल तर त्याने घेऊ नये. ट्रॅक्टर आधीपासून आहे, काम अधूनमधून निघते आणि चर दीड-दोन मीटरच्या आतला आहे, अशांना मात्र हे यंत्र मनापासून सुचवावेसे वाटते. अट एकच, ते सब-फ्रेमसह घ्यावे.

या अटीचे कारण सविस्तर सांगणे मला आवश्यक वाटते, कारण खरेदीच्या वेळी सर्वांत जास्त दुर्लक्ष याच गोष्टीकडे होते. असा बॅकहो दोन पद्धतींनी बसवता येतो: नांगरासारखा थेट थ्री पॉइंट लिंकेजवर (ट्रॅक्टरच्या मागे अवजारे अडकवायच्या तीन दांड्यांच्या जोडणीवर), किंवा ट्रॅक्टरच्या पोटाखालून पुढच्या बाजूपर्यंत जाणाऱ्या लोखंडी सब-फ्रेमवर. पहिली पद्धत सोपी आणि स्वस्त असते. परंतु बकेट कठीण थरात अडकली आणि ऑपरेटरने बूम (यंत्राच्या हाताचा ट्रॅक्टरकडचा भाग) खाली दाबला की जमीन तेवढ्याच जोराने उलट ढकलते, आणि लिंकेजवर लटकणारा बॅकहो वर उचलला जातो. टॉप लिंक, म्हणजे लिंकेजची वरची दांडी, तुटली किंवा तिची पिन निसटली तर संपूर्ण सांगाडा ट्रॅक्टरच्या दिशेने दुमडू शकतो, आणि ऑपरेटरची जागा नेमकी त्या दोहोंच्या मध्ये असते. शिवाय खोदण्याचा सगळा ताण मागच्या ॲक्सलच्या आणि गिअरबॉक्सच्या बिडाच्या घरावर येतो. ते घर ओढकामासाठी घडवलेले असते, अशा उलटसुलट झटक्यांसाठी नव्हे. सब-फ्रेम हा ताण ट्रॅक्टरच्या सबंध लांबीवर वाटून देते. माझ्या यंत्राची सब-फ्रेम जाड पत्र्याची असून तिचे वेल्डिंग आजवर कुठेही तडकलेले नाही. या एका बाबीसाठी मी निर्मात्याला पूर्ण गुण देईन.

तेलाला दाब देणारा पंप पीटीओवर (ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या शाफ्टवर) बसतो आणि बॅकहोच्या तेलाची टाकी वेगळी आहे, त्यामुळे ट्रॅक्टरच्या स्वतःच्या हायड्रॉलिकवर भार येत नाही. पीटीओचे मिनिटाला ५४० फेरे मिळतील एवढाच ॲक्सिलरेटर ठेवला की पुरतो. त्याहून जास्त दिल्याने जोर वाढत नाही, कारण जोराची मर्यादा रिलीफ व्हॉल्व्ह (दाब ठरावीक पातळीपलीकडे गेला की तेल सोडून देणारी झडप) ठरवतो, तेल मात्र तापते. पंपाचे घर शाफ्टबरोबर फिरू नये म्हणून दिलेली साखळी ताठ आहे की नाही, हे रोज पाहावे लागते. शाफ्टवरचे संरक्षक आवरण चांगल्या प्रतीचे आहे आणि ते काढून ठेवण्याचा मोह कोणीही करू नये.

माझी सर्वांत मोठी तक्रार स्टॅबिलायझरबद्दल, म्हणजे खोदताना यंत्र स्थिर धरणाऱ्या दोन बाजूंच्या पायांबद्दल आहे. खोदकाम सुरू करण्यापूर्वी मी ट्रॅक्टर न्यूट्रलमध्ये ठेवून हँडब्रेक लावतो, पुढचा लोडर (ट्रॅक्टरच्या पुढची माती उचलायची बकेट) जमिनीवर दाबतो आणि मग दोन्ही पाय असे उतरवतो की मागच्या टायरवरचा भार पायांवर यावा व यंत्र आडव्या पातळीत राहावे. पहिल्या पावसाळ्यात माझ्या लक्षात आले की डावा पाय तासाभरात हळूहळू आत सरकतो आणि ट्रॅक्टर नकळत एका बाजूला कलतो. सिलिंडरचे सील झिजले होते हे खरे, पण मूळ उणीव अशी की पायांच्या सिलिंडरवर तेल अडवून धरणारा लॉक व्हॉल्व्ह दिलेलाच नव्हता. मी तो नंतर बसवून घेतला. ज्या भागावर सगळ्या यंत्राचा तोल उभा आहे, तिथे निर्मात्याने अशी काटकसर करणे मला अजिबात पटलेले नाही. ओल्या जमिनीवर पायांखाली रुंद, जाड फळ्या मी नेहमी घालतो, आणि चर कितीही वळवायचा असला तरी पायाखालची माती पोखरली जाणार नाही एवढे अंतर राखतो.

लिव्हर दोन आहेत: डाव्याने बूम व बाजूला फिरणे, उजव्याने डिपर (बूम आणि बकेट यांच्या मधला हात) व बकेट. दुसऱ्या प्रचलित रचनेत बूम आणि डिपर यांची अदलाबदल असते, म्हणून त्या रचनेच्या यंत्रावर हात बसलेल्या माणसाने आधी मोकळ्या जागेत, बकेट रिकामी ठेवून सराव करावा. लिव्हरचा प्रतिसाद सुरुवातीला थोडा झटकेदार वाटतो, पण तेल कोमट झाल्यावर तो सुधारतो. नवख्याची पहिली चूक एकच असते: तो बकेट खोल खुपसतो आणि मग ती गुंडाळून, म्हणजे आत वळवून, बाहेर काढू पाहतो. पंप कण्हतो, रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि माती जागची हलत नाही. त्याऐवजी दात उतरत्या कोनात टेकवून, डिपर स्वतःकडे ओढत, लांब आणि उथळ थर सोलल्यासारखा काढावा आणि हात जवळ आल्यावरच बकेट गुंडाळावी. चिकणमातीत या पद्धतीने माझी बकेट जवळजवळ दर वेळी भरून निघते. दोन हालचाली एकत्र जोडता येऊ लागल्या, म्हणजे बूम उचलता उचलता बाजूला फिरवता येऊ लागला, की कामाचा वेग आपोआप वाढतो. लिव्हर आदळून तो कधीच वाढत नाही. मुरमाड थरात मी आधी ३० सेंटीमीटरच्या बकेटने मधून फट पाडतो आणि नंतर रुंद बकेट लावतो. चराची बाजू साफ करण्यासाठी बकेट आडवी घासू नये, कारण बूमच्या पिनांवर आणि फिरवणाऱ्या सिलिंडरवर पडणारा तो पीळ यंत्र फार काळ सोसत नाही.

काढलेली माती चराच्या काठापासून निदान ६० सेंटीमीटर दूर टाकण्याचा नियम मी एकदाच मोडला, आणि त्या दिवशी ढिगाऱ्याच्या भाराने काठाचा दोन मीटर लांबीचा भाग आत कोसळला. एक घनमीटर माती साधारण दीड टन किंवा त्याहून जास्त भरते. सुदैवाने चरात कोणी नव्हते. तेव्हापासून दीड मीटरहून खोल चरात आधाराशिवाय मी कोणालाही उतरू देत नाही, आणि बूम जिथवर फिरतो त्याच्या कक्षेत, अगदी मदतनीसालाही, थांबू देत नाही. उतारावर असताना भरलेली बकेट चढाच्या बाजूला रिकामी करावी. उताराच्या बाजूला ती लांबवर नेली की तोल सांभाळणे अवघड होते. जमिनीखालच्या केबल आणि पाइप कुठून गेले आहेत हे खुणा करून घेतल्याशिवाय पहिला दात टेकवू नये. वरच्या विजेच्या तारांकडे पाहणेही तितकेच आवश्यक आहे, कारण पूर्ण उचललेला बूम आपल्या अंदाजापेक्षा बराच उंच जातो.

वाहतुकीसाठी बूम आणि बाजूचे फिरणे अडकवणाऱ्या दोन स्वतंत्र पिना दिल्या आहेत आणि त्या भक्कम आहेत. मागे एवढे वजन असल्यामुळे स्टिअरिंग हलके लागते, म्हणून रस्त्यावर वेग कमी ठेवावा लागतो आणि पुढे पुरेसे वजन असावे लागते.

देखभालीचे पान पुस्तिकेत आहे, पण होज पाइपच्या गळतीविषयी तिने जे लिहायला हवे होते ते लिहिलेले नाही. सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून दाबाखाली येणारे तेल त्वचा भेदून आत शिरते. जखम किरकोळ दिसली तरी तातडीने डॉक्टरकडे जावे लागते. गळती हाताने चाचपू नये, पुठ्ठ्याचा तुकडा फिरवून पाहावी, आणि होज उघडण्यापूर्वी बकेट जमिनीवर टेकवून, इंजिन बंद करून, लिव्हर सगळ्या दिशांना हलवून उरलेला दाब काढून टाकावा. ग्रीस मी दर ८ ते १० तासांनी भरतो. बूमच्या बुडाच्या पिनेत आता हाताला जाणवेल इतकी ढिलाई आली आहे, तेव्हा पुढचे काम घेण्याआधी तिथले दोन्ही बुश (पिनेभोवतीच्या नळ्या) बदलायला टाकणार आहे.