मराठी उताऱ्याचं ॲप आणि काकांचं रिकामं झालेलं खातं

खानापूर, निपाणी, बेळगाव भागातल्या गावच्या ग्रुपवर 'जमिनीचा उतारा आता मराठीत' म्हणून एखादी एपीके फाइल (प्ले स्टोअरशिवाय थेट फोनमध्ये ॲप बसवणारी) आली, तर ती उघडू नका. पाठवणारा सख्खा भाऊ असला तरी. आमच्या काकांना ती सोसायटीतल्या रोजच्या उठण्याबसण्यातल्या माणसाच्या नंबरवरून आली होती.

उताऱ्याचं आपलं दुखणं जुनंच आहे. पलीकडे महाराष्ट्रातल्या चंदगडात सातबारा मराठीत, इथे कर्नाटकात सरकारच्या 'भूमी' या जमीन-नोंदणी व्यवस्थेचा आरटीसी, म्हणजे इथला सातबारा, कन्नडमध्ये. पीककर्ज नवं-जुनं करायची वेळ आली की काका कागद घेऊन वाचणारा शोधत फिरतात. नेमकी ही नड कुणीतरी हेरली होती.

ॲपवर कर्नाटक सरकारची गंडभेरुंडाची, म्हणजे दोन डोक्यांच्या पक्ष्याची मुद्रा. फोनने धोक्याची सूचना दिली, पण सोबतच्या मेसेजात आधीच लिहिलेलं, 'सूचना आली तरी पुढे जा, सरकारी ॲपला ती येतेच.' मग संपर्क आणि एसएमएस पाहण्याची परवानगी मागितली. काकांनी दोन्हीकडे 'अनुमती द्या' दाबलं. शेवटी 10 रुपये फीसाठी डेबिट कार्डाचा नंबर आणि मागचे तीन आकडे. एवढं भरल्यावर 'सर्व्हर बिझी'. आपल्याकडे ते नेहमीचंच, त्यामुळे संशय येण्याचं कारणच नव्हतं.

रात्री सगळे झोपलेले असताना खात्यातून 48,000 रुपये गेले. सकाळी काकांचं व्हॉट्सॲप बंद, आणि त्यांच्याच नावाने तीच फाइल पाहुण्यारावळ्यांच्या ग्रुपवर फिरत होती.

बँकेत एकच पालुपद, 'ओटीपी कुणाला तरी सांगितला असणार.' काका देवाची शपथ घेऊन नाही म्हणत होते, आणि ते खरं होतं. एसएमएस वाचायची परवानगी मिळालेलं ॲप आलेला ओटीपी परस्पर पुढे पाठवतं. माणसाने तोंड उघडायची गरजच नसते. व्हॉट्सॲपचा कोडही तसाच गेला.

उतारा दाखवायला माझे मेसेज कशाला हवेत? सर्व्हे नंबर घ्यावा, उतारा द्यावा, विषय संपला. प्ले स्टोअरवर गूगलने 2019 पासून एसएमएस आणि कॉल लॉगच्या (आल्या-गेल्या फोनच्या यादीच्या) परवानगीला आळा घातलाय. मेसेज किंवा फोन हेच ज्याचं मुख्य काम, त्यालाच ती मिळते, अपवाद मोजके. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फाइलला ही चाळणी लागतच नाही. पण स्टोअरवरच्या ॲपवरही डोळे झाकून जाऊ नये. 'डेटा सुरक्षितता' म्हणून तिथे जे लिहिलेलं असतं, ते ॲप बनवणाऱ्यानेच भरलेलं असतं. मी आता बनवणाऱ्याचं नाव, पत्ता आणि कुठली परवानगी कशासाठी हे साध्या भाषेत सांगितलंय का ते बघतो. काकांच्या त्या ॲपमध्ये यातलं काहीच नव्हतं. माणूस कोण, गाव कुठलं, पत्ता नाही. बांधावर उभं राहून कुणी अनोळखी माणूस घराची किल्ली मागायला लागला, तर आधी 'तू कुणाचा?' हेच विचारतो ना आपण?

असं कुणाचं झालंच, तर आधी त्या फोनचं नेट बंद करा. दुसऱ्या फोनवरून बँकेला सांगून कार्ड ब्लॉक करा आणि 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच तक्रार नोंदवा. पैसे पुढच्या खात्यात अडवायचे तर तासादोन तासांचाच खेळ असतो. होम स्क्रीनवरून आमच्या फाइलचं चिन्ह गायब झालं होतं. सेटिंग्जमधल्या ॲप्सच्या यादीत ती सापडली.

आणि बँकेच्या काउंटरवर गप्प बसू नका. रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकाने चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवर टाकली, आणि कळवल्यानंतर गेलेला पैसा बँकेच्या अंगावर. तोंडी सांगून ऐकत नव्हते. लेखी अर्जात परिपत्रकाची तारीख घातल्यावर मॅनेजरने शिक्का मारून पोच दिली. पैसे अजून आलेले नाहीत.